गुडघ्याचे दुखणे आणि चालीचे गणित

एकलहरे (नाशिक) : गोदावरीकाठच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला आणि २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. जुने दोन संच आता बंद झाले असून हे तीनच शिल्लक आहेत. त्यांच्या उभारणीच्या वेळी विशीत कामाला लागलेली पिढी आज सत्तरीच्या घरात पोहोचली आहे. लोखंडी जिन्यांची चढउतार, उकिडवे बसून करावी लागणारी दुरुस्ती, जड अवजारांची उचल आणि पाळीचे तास उभ्याने काढणे, अशा कामात उमेद गेलेल्यांना गुडघ्यांची झीज अधिक प्रमाणात गाठते, हे निरनिराळ्या देशांतील व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासांतून दिसून आलेले आहे. औष्णिक केंद्राच्या वसाहतीपुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. शेतात वाकून-बसून काम करणाऱ्या स्त्रिया, दिवसभर उभे राहणारे शिक्षक आणि दुकानदार, तसेच वजन वाढलेले नोकरदार यांचीही कथा फारशी वेगळी नाही.

अशा माणसाला दोन परस्परविरोधी सल्ले मिळत असतात. डॉक्टर सांगतात, रोज चाला. शेजारी सांगतात, चालू नका, उरलेसुरले गुडघेही झिजतील. बहुतेक जण काही महिने पहिला सल्ला पाळतात आणि दुखणे वाढले, की दुसऱ्याकडे वळतात. फिरणे थांबले, की मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि गुडघा आधीपेक्षा अधिक दुखू लागतो. 'चालावे की नाही' या वादात 'कसे चालावे' हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकीय संशोधनाने या तिसऱ्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले आहे.

आजार कोणता?

आपल्याकडे सांध्याच्या कोणत्याही दुखण्याला सरसकट 'संधिवात' म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोन निराळ्या आजारांची गल्लत होते. आमवात हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा, बहुधा हाताच्या बोटांपासून सुरू होणारा आजार आहे. त्याची औषधे वेगळी असतात आणि ती वेळेत सुरू होणे अत्यावश्यक असते. येथे विचार करावयाचा आहे तो अस्थिसंधिवाताचा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत कूर्चा हळूहळू विरळ होत जाण्याचा. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत चार हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे आढळले आणि त्यात अस्थिसंधिवाताचे रुग्ण आमवातापेक्षा कितीतरी अधिक होते. हा शहरी, बैठ्या लोकांचा आजार आहे, हा समज त्या गावानेच खोटा ठरवला.

गुडघ्यात कूर्चेची झीज सगळीकडे सारखी होत नाही. बहुसंख्य रुग्णांत ती आतल्या, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला अधिक असते. याचे कारण यंत्रशाळेत काम केलेल्यांना फारसे समजावून सांगावे लागणार नाही. शाफ्ट किंचित जरी तिरका बसला, तरी बेअरिंग एकाच बाजूने खाल्ले जाते. वंगण कितीही घातले, तरी अलाइनमेंट सुधारल्याशिवाय ते थांबत नाही. गुडघा हे अर्थातच यंत्र नव्हे. कूर्चा जिवंत असते आणि तिला बेताच्या हालचालीची, दाबाची गरज असते. परंतु भाराच्या बाबतीत ही तुलना बऱ्याच अंशी लागू पडते.

एका पावलात काय घडते?

टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक चक्र पूर्ण होते. या चक्रात एकेक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. दुसरा पाय हवेत असताना सारे शरीर एकाच पायावर तोललेले असते. त्या क्षणी शरीराचा गुरुत्वमध्य त्या पायाच्या बरोबर वर नसतो, तर दोन्ही पायांच्या मध्ये असतो. जमिनीकडून वर येणारा प्रतिबलाचा रेटा त्यामुळे गुडघ्याच्या मधून न जाता त्याच्या आतल्या बाजूने जातो आणि गुडघ्याला बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखे वाकवू पाहतो. परिणामी आतली फट मिटते, बाहेरची उघडते आणि भाराचा मोठा वाटा आतल्या कूर्चेवर येतो. दाराच्या बिजागरीपासून जितक्या दूर हात लावावा, तितके दार सहज फिरते. त्याच न्यायाने हा रेटा गुडघ्याच्या मध्यापासून जितका दूर, तितका वाकवण्याचा जोर अधिक. तज्ज्ञ त्याला 'नी ॲडक्शन मोमेंट' म्हणतात. ज्यांचे पाय मुळातच धनुष्याकृती आहेत, त्यांच्यात हे अंतर जास्त असते. झीज वाढते तसा पाय अधिक बाकदार होतो आणि पाय बाकदार झाल्याने झीज पुन्हा वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. जपानमध्ये अस्थिसंधिवाताच्या रुग्णांचा सहा वर्षे मागोवा घेऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीलाच हा जोर अधिक असलेल्यांची झीज पुढे अधिक वाढल्याचे दिसले.

प्रत्यक्ष भार किती असतो, याचे उत्तर बर्लिनमधील संशोधकांनी मोठ्या कल्पकतेने मिळवले. काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यातच त्यांनी भार मोजणारी उपकरणे ठेवली. पाच रुग्णांच्या या मोजमापांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पायांवर नुसते उभे राहिल्यास एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाइतका किंवा त्याहून किंचित जास्त भार येतो. सपाटीवर चालताना तो वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास ३.५ पट होतो. वजनाहून भार अधिक कसा, असे वाटणे साहजिक आहे. सांधा स्थिर ठेवण्यासाठी भोवतालचे स्नायू त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात आणि त्यांची ओढही सांध्यावरच पडते. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलाला १८० किलोंच्या आसपास भार येतो. किलोमीटरभर चालण्यात तेराशे ते पंधराशे पावले पडतात, त्यातली निम्मी प्रत्येक पायाची. एका पावलात दोन-चार टक्क्यांची बचत झाली, तरी दिवसाअखेरीस तिचा हिशेब मोठा होतो, तो असा.

दुखरा माणूस नकळत आपली चाल बदलतच असतो. तो सावकाश चालतो, पाऊल आखूड टाकतो, पाय बाहेर फेकतो किंवा दुखऱ्या बाजूला झुकून चालतो. त्याच्या या हेलकाव्याची घरातील मुले नक्कल करतात. पण त्यात यांत्रिक शहाणपण असते. धड दुखऱ्या पायाकडे झुकले, की गुरुत्वमध्य गुडघ्याच्या जवळ येतो आणि वाकवणारा जोर घटतो. मात्र त्याची किंमत कंबर आणि खुबा मोजतात, शिवाय दमही लवकर लागतो. भीतीने गुडघा ताठ धरून चालण्याची सवय तर उलटीच ठरते. पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळले गेल्याने सांध्यावरचा दाब कमी होण्याऐवजी वाढतो.

पावलाचा कोन

चालीचे पुनर्प्रशिक्षण म्हणजे हीच तडजोड जाणीवपूर्वक, कमी किमतीत घडवून आणणे. त्यासाठी अनेक युक्त्या पारखल्या गेल्या आहेत. गुडघा किंचित आत घेऊन चालणे, पावलांतील रुंदी वाढवणे, धड झुकवणे आदी प्रकारांपैकी सर्वाधिक आश्वासक ठरला तो पावलाचा कोन बदलण्याचा. चालताना पायाचे बोट सरळ पुढे आहे, आत वळलेले आहे की बाहेर, यावरून प्रतिबलाचा रेटा गुडघ्यापासून किती अंतरावरून जाईल, हे बदलते. साधारणपणे पाऊल आत वळवल्यास भाराचे पहिले शिखर, म्हणजे टाच टेकल्यानंतर लगेच येणारा जोर, उतरतो. पाऊल बाहेर वळवल्यास दुसरे शिखर, म्हणजे पाय उचलण्यापूर्वीचा जोर, कमी होतो.

पण हे 'साधारणपणे'च खरे आहे आणि घोटाळा नेमका येथेच होतो. एकाला लाभलेला कोन दुसऱ्याच्या गुडघ्यावरचा भार वाढवूही शकतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट उलरिच आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०२५ मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे महत्त्व यामुळेच आहे. आतल्या बाजूची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या ६८ जणांना त्यांनी निवडले. प्रत्येकाला भार मोजणाऱ्या ट्रेडमिलवर चालवून, पाऊल ५ वा १० अंशांनी आत किंवा बाहेर वळवल्यास त्याच्या बाबतीत भार सर्वाधिक कशाने घटतो, हे आधी पाहिले. ज्यांना कोणत्याच बदलाचा उपयोग नव्हता, त्यांना चाचणीत घेतलेच नाही. उरलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांच्या लाभाचा कोन शिकवण्यात आला आणि निम्म्यांना, त्यांच्या नकळत, त्यांच्या मूळच्याच कोनाचा सराव देण्यात आला. आठवड्याला एक, अशी सहा प्रशिक्षणे झाली. पाऊल ठरलेल्या कोनात पडले नाही, की नडगीवर बांधलेले छोटे उपकरण थरथरून तसे सांगत असे. घरी रोज किमान वीस मिनिटांचा सराव अपेक्षित होता.

वर्षभरानंतर लाभाचा कोन शिकलेल्यांच्या गुडघ्यावरचा कमाल भार सुमारे चार टक्क्यांनी उतरलेला होता. दुखण्यात झालेली घट सामान्य वेदनाशामक गोळ्यांनी मिळणाऱ्या आरामाच्या तोडीची होती आणि एमआरआय चित्रांत कूर्चेचा ऱ्हासही मंदावल्याच्या खुणा आढळल्या. गोळ्या झीज रोखत नाहीत आणि दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. अर्थात चाचणी लहान आहे. झीज पूर्ण होऊन हाडावर हाड घासू लागलेल्यांना, किंवा बाहेरच्या बाजूची झीज असलेल्यांना, ती लागू होत नाही. 'पाय आत वळवून चाला, गुडघेदुखी पळवा' अशा चित्रफिती पाहून स्वतःवर प्रयोग करणे तर साफ चुकीचे. आपला कोन कोणता, हे मोजल्याखेरीज कळत नाही.

हे मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळा महाग असतात आणि मोजक्याच शहरांत आढळतात. त्याच संशोधकांच्या गटाने २०२३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन मोबाईल कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावरून चालीचे विश्लेषण करता येते. पण आपल्या दवाखान्यांत असे तंत्र रुळायला वेळ लागेल. तोवर फिजिओथेरपिस्टची नजर, मोठा आरसा, जमिनीवर आखलेली रेघ आणि मोबाईलवर टिपलेली चाल यांवर बरेच काम भागते. पाऊल कसे पडते, गुडघा टेकताच बाहेर झटकतो का, टाच आधी टेकते की सपाट पाय आपटतो, हे अनुभवी डोळ्याला दिसते. बदल थोडाच करायचा असतो आणि सुरुवातीला तो अवघडल्यासारखा वाटतो. पहिले काही आठवडे प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते. मग आरसा दूर करतात, थोड्या वेळाने सूचनाही थांबवतात, आणि चाल अंगवळणी पडली का, हे रुग्ण गप्पा मारत चालत असताना पाहतात. नव्या चालीने घोटा, खुबा वा कंबर दुखू लागली, तर ती त्याच्यासाठी योग्य नाही, असे समजून उपाय बदलावा लागतो.

भार उतरतो, दुखणे उतरतेच असे नाही

या क्षेत्रातील संशोधकांना वारंवार नमवणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बुटात बाहेरच्या बाजूला उंच असलेली पाचर बसवली, की गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार थोडा उतरतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. या पाचरी जगभर विकल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांना वर्षभर त्या देऊन सपाट तळव्यांशी तुलना केली, तेव्हा ना दुखणे अधिक घटले, ना झीज थांबली. हा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

पादत्राणांचेही तसेच. शिकागोत ७५ रुग्णांच्या २००६ मधील अभ्यासात अनवाणी चालताना गुडघा वाकवणारा जोर नेहमीच्या बुटांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरला. मग पातळ, लवचीक तळाची पादत्राणे उत्तम, असे अनुमान निघाले. परंतु १६४ जणांवर सहा महिने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत, चालताना आराम पडला तो घट्ट टाचेच्या, आधार देणाऱ्या भक्कम बुटांनीच अधिक. उंच टाचांविषयी मात्र दुमत नाही. निरोगी स्त्रियांतही त्या आतल्या बाजूचा जोर वीस टक्क्यांहून अधिक वाढवतात, हे १९९८ मध्येच दिसले होते. चपला फटफटवत, बोटांनी त्या धरून चालण्याची आपली सवयही पाऊल बिघडवते. मागे पट्टा असलेली सँडल त्यापेक्षा बरी. उलट उदाहरणही आहे. खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम दिले असता रुग्णांचे दुखणे घटले, पण गुडघ्यावरचा मोजलेला जोर होता तेवढाच राहिला. वेदना केवळ भाराची नसते. सांध्याची सूज, स्नायूंची ताकद, झोप आणि मनातली धास्तीही तिच्यात मिसळलेली असते. म्हणूनच चाल सुधारताना मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम सोडता येत नाहीत. पाय सरळ ठेवून उचलणे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, या दोन साध्या व्यायामांना आजही तोड नाही.

वजनाचा हिशेब त्याहून सरळ आहे. अमेरिकेतील स्टीफन मेसियर यांच्या २००५ मधील अभ्यासात, शरीराचे वजन जितके उतरले, त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलात गुडघ्यावरून उतरल्याचे आढळले. पाच किलो वजन घटवणाऱ्याच्या गुडघ्यावर दर पावलाला वीस किलो कमी येतात. पावलाचा कोन कितीही अचूक साधला, तरी ही बचत त्यातून मिळत नाही.

काठी कोणत्या हातात?

सर्वांत स्वस्त उपायाचा सर्वाधिक गैरवापर होतो. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात घेतलेले आजोबा कोणत्याही गावात, कोणत्याही बागेत दिसतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी आणि ती दुखऱ्या पायासोबत पुढे पडली पाहिजे. अशाने शरीराचा तोल दोन टोकांत विभागला जातो आणि गुडघा वाकवणारा जोर घटतो. काठी दुखऱ्याच बाजूला धरली, तर हा लाभ जातो. उभे राहून हात मोकळा सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढी तिची उंची असावी, म्हणजे ती धरताना कोपर थोडे वाकते. खाली रबरी टोपी असावी आणि झिजली की बदलावी. ब्राझीलमधील ६४ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन महिने रोज काठी वापरणाऱ्यांचे दुखणे घटले आणि हालचाल सुधारली. सुरुवातीला काठीने दम अधिक लागतो, सवयीने तो कमी होतो. अडचण खरी वेगळीच आहे : काठी घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे साठीतल्या माणसाला वाटते. त्यापायी तो फिरणेच बंद करतो.

जिना, गड आणि प्रदक्षिणा

नाशिक जिल्ह्यात चालणे हा केवळ व्यायाम नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते, त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरीची वाट धरते आणि सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणाऱ्यांची रांग वर्षभर असते. गुडघे दुखू लागले, की पहिली खंत असते ती हे सुटण्याची. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्याने दर्शनापुरता तरी मार्ग निघाला. पायऱ्यांबाबत लक्षात ठेवण्याचा नियम एकच : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. चढणे अवघड वाटत असले, तरी गुडघ्यावर सर्वाधिक भार उतरताना येतो, हे बर्लिनच्या आकड्यांवरून स्पष्ट आहे. म्हणून ज्याला निवड करता येते त्याने चढून जावे आणि ट्रॉलीने उतरावे. लोक नेमके याच्या उलट करतात. लांबच्या वाटेची तयारीही अचानक होत नाही. रोजच्या अंतरात आठवड्या-आठवड्याने थोडी भर घालणे, एका दमात तासभर चालण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांचे दोन-तीन टप्पे करणे गुडघ्याला मानवते. चालताना थोडे दुखले तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेलेच असेल, तर आदल्या दिवशीचे अंतर जास्त झाले असे धरावे.

चालल्याने गुडघे झिजतात, या भीतीला उत्तर देणारा एक अभ्यास २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अस्थिसंधिवात असलेल्या, पन्नाशीपुढच्या १,२१२ जणांपैकी व्यायाम म्हणून चालणाऱ्यांत वारंवारच्या गुडघेदुखीची नव्याने सुरुवात होण्याचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. पण चालणाऱ्यांचे गुडघे लवकर निकामी होतात, या समजाला त्यात कोठेही आधार मिळाला नाही.

सांधा गरम होऊन सुजणे, ताप येणे, गुडघा एकाएकी अडकणे किंवा चालता चालता दगा देणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ही लक्षणे असतील तर चाल सुधारण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक आहे. झीज टोकाला गेलेल्यांसाठी सांधेरोपण हा चांगला उपाय आहे आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यानंतर त्यातील सांध्याचा खर्च बराच उतरला आहे. मात्र शस्त्रक्रियेने सांधा बदलतो, चाल बदलत नाही. दुखरा पाय वाचवत चालण्याची वर्षानुवर्षांची सवय नव्या गुडघ्यासह तशीच राहते आणि दुसऱ्या, अजून शाबूत असलेल्या गुडघ्यावर भार टाकत राहते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले, वॉकर सुटला, म्हणजे काम संपले असे मानून फिजिओथेरपिस्टकडे जाणे थांबवणाऱ्यांना आरशासमोरची रेघ पुन्हा गाठावी लागते.